लाव गो, पण बघून लाव

बाय, जरा बस इथे. रविवारी तुला बघायला माणसं यायची आहेत ना, तो क्रीमचा डबा आधी माझ्याकडे दे. लिपस्टिक मात्र खुशाल लाव. आई काही म्हणाली तर मी बोलेन तिच्याशी.

आपल्या तोंडवलीत बाईच्या चेहऱ्यावर काय असावं, हे फार काळ दुसऱ्यांनीच ठरवलं. आजीच्या वेळी मेणावर पिंजर, केसांत अबोलीचा वळेसार, संपलं. नवरा गेला की तेही पुसायचं. पावडर लावली की नावं ठेवायला गाव मोकळा. आणि जत्रेत दशावतारातला स्त्रीपार्टी हातात आरसा धरून आपलं तोंड आपणच रंगवायचा, त्याचं रूप बघायला ह्याच बायका रात्रभर जागायच्या! त्या कलावंतांचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्यांच्या गालावरचा रंग ती कला आणि आपल्या गालावरचा तो नखरा, हे मला कधीच पटलं नाही. 1913 साली सिनेमा काढताना फाळक्यांनासुद्धा तारामतीसाठी बाई मिळाली नाही, अण्णा साळुंके उभे राहिले. टाटांनी लॅक्मे काढली 1952 साली. विधवेचं कुंकू पुसू नये असा ठराव हेरवाडच्या ग्रामपंचायतीने केला तो तर 2022 मध्ये, म्हणजे अगदी परवा.

एवढ्या उशिरा आपल्या हाती आलेली गोष्ट आता गोरेपणाच्या नादात घालवू नकोस. फेअर अँड लव्हली 1975 पासूनची. 2020 मध्ये तिच्या नावातला ‘फेअर’ गेला, बघायला येणाऱ्यांच्या तोंडातून कुठे गेला?

ह्या डब्यावर बघ, कंपनीचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, आत काय घातलंय तेही नाही. अशा क्रीममध्ये पारा सापडतो. पारा कातडीत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झटकन उजळतो. मग तोच रक्तात उतरून मूत्रपिंडं खराब करतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना अशाच क्रीमने हा आजार झाला.

किती दिवस लावलंस? खरं सांग, मी रागावणार नाही. पाय सुजतात का? लघवीला फेस येतो? तसं नसलं तरी उद्या मालवणला जाऊन लघवी तपासून घेऊ, डबाही डॉक्टरांना दाखवू.

रविवारी ती मरून लिपस्टिक लाव, तुझ्या सावळ्या रंगावर खुलते. आधी ओठांना थोडं खोबरेल चोळ आणि पुसून घे, खाऱ्या वाऱ्याने फुटलेत बघ किती.