जतन करायचं बटण दिसलंच पाहिजे

टर्मिनलवर चालणाऱ्या प्रोग्रामची मांडणी करायला बसलात की आधी एक प्रश्न विचारा: जागा अपुरी पडली, तर यातलं काय दिसेनासं होईल? वसईतल्या एका गाळ्यात या प्रश्नाचं मोल मला नीट कळलं.

वसई पूर्वेला वालीव-सातिवलीच्या पट्ट्यात लहान कारखान्यांचे गाळे आहेत. त्यांतल्या एकाच्या स्टोअरमध्ये मालाची आवक-जावक नोंदवायचा प्रोग्राम होता, पायथनच्या टेक्स्च्युअल लायब्ररीत बांधलेला. निवड योग्यच होती. संगणक जुना, आणि नोंदी करणाऱ्या ताईंचा हात कीबोर्डवर झपाट्याने चालणारा. बनवणाऱ्याच्या मोठ्या मॉनिटरवर सगळं नीट दिसत असे. स्टोअरमधली खिडकी मात्र 80 रकाने आणि 24 ओळींची होती, आणि तिथे बटणावरचं 'जतन करा' दिसतच नव्हतं. शेवटची चौकट भरली की ताई 'नवीन नोंद'ची कळ दाबत. चौकटी रिकाम्या होत, नोंद झाली असं वाटे. सकाळच्या पाळीच्या नोंदी अशाच हरवल्या. संध्याकाळी साठा जुळेना तेव्हा बोलणी ताईंना बसली. दोष सगळा मांडणीचा होता.

हिशेब सोपा आहे. वरच्या आणि खालच्या पट्टीची एकेक ओळ. टेक्स्च्युअलमध्ये मजकुराची चौकट कडांसकट 3 ओळी घेते, बटणही 3. इथल्या सात चौकटींच्या 21, बटणाच्या 3, पट्ट्यांच्या 2, एकूण 26. त्यातून 'व्हर्टिकल' हा कंटेनर स्क्रोलबार देत नाही. न मावलेलं विजेट काही न सांगता कापलं जातं. 80 बाय 24 हे माप जुनं आहे म्हणून सोडून देऊ नका. 80 रकाने 1928 च्या आयबीएमच्या पंचकार्डापासूनचे, 24 ओळी 1978 च्या व्हीटी100 टर्मिनलवरही होत्या, आणि आजही कितीतरी टर्मिनलं याच मापात उघडतात.

तेव्हापासून मी पाळतो ते नियम असे.

आधी हलता कामा नये ते बसवा. जतन करायचं बटण, चूक दाखवणारी ओळ आणि कळांची माहिती खालच्या कडेला डॉक करा. दोन विजेटं एकाच कडेला वेगवेगळी डॉक केली तर एकमेकांवर चढतात. म्हणून ती एका कंटेनरमध्ये घालून तो कंटेनर डॉक करा.

वाढू शकणारं सगळं 'व्हर्टिकलस्क्रोल'मध्ये ठेवा आणि त्याला 1 एफआर उंची द्या, म्हणजे उरलेली जागा त्याची. टॅब दाबत पुढे गेलं की पुढची चौकट आपोआप नजरेसमोर सरकते.

आडव्या मांडणीत प्रत्येक विजेटची रुंदी स्वतः सांगा. टेक्स्च्युअलमधली बरीच विजेटं एरवी पालकाची पूर्ण रुंदी व्यापतात. त्यामुळे पहिलंच सगळी जागा घेतं, बाकीची उजवीकडे पडद्याबाहेर जातात, आणि आडवा स्क्रोलबारही आपोआप येत नाही. यादीला 1 एफआर, तपशिलाला 2 एफआर असं वाटप केलं की खिडकी लहान-मोठी झाली तरी प्रमाण टिकतं.

मराठी मजकुराची रुंदी अक्षरं मोजून ठरवू नका. 'स्त्री' हे डोळ्याला एक अक्षर. पायथनच्या मोजणीत ते 6 भरतं, आणि पडद्यावर किती रकाने घेईल ते टर्मिनलवर अवलंबून असतं. मोकळ्या जागा घालून रकाने जुळवले की 'नायगाव' आणि 'नालासोपारा' यांच्या पुढचे आकडे वाकडे पडतात. आकडे डावीकडे घ्या, मराठी नावं शेवटच्या रकान्यात टाका; मग नाव कितीही लांबलं तरी आकडे हलत नाहीत.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. खिडकी 80 बाय 24 करून, खरी नावं आणि लांबात लांब वर्णनं भरून पाहा. मग ज्यांना रोज नोंदी करायच्या आहेत त्यांना त्यांच्याच संगणकावर एक नोंद जतन करायला सांगा आणि मध्ये काही सुचवू नका. त्यांना बटण शोधावं लागलं, तर मांडणी अजून पूर्ण झालेली नाही.