आधी मोटर, मग पाती

पाटण तालुक्यातल्या मुलांना पवनचक्की म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वनकुसवडे पठारावरचे 'पंखे' ती लहानपणापासून बघत आलेली असतात. विज्ञान प्रदर्शनाचं पत्रक आलं, की एखादा तरी गट येऊन म्हणतो, "सर, आम्ही पवनचक्की करतो." मी कधी नाही म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. पाइपचा तुकडा, जुनी मोटर आणि थोडी वायर एवढ्यावर ती होते. मात्र काही गोष्टी आधी माहीत नसल्या, तर मुलांची सगळी मेहनत ऐन वेळी पाण्यात जाते. ती जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

आठवीतल्या मुलींच्या एका गटाची गोष्ट सांगतो. 4 इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्यांनी तीन पाती काढली, कानशीनं घासून गुळगुळीत केली. खेळण्यातल्या गाडीची मोटर बसवली. टेबलफॅनसमोर चक्र झकास फिरलं, पण दिवा लागेना. त्यांनी वायरी तपासल्या, एलईडी बदलला, पाती आणखी रुंद कापली. तरीही अंधारच. मल्टिमीटर लावला तेव्हा खरी गोम सापडली. मोटर जेमतेम 0.15 व्होल्ट देत होती आणि लाल एलईडीला लागतात साधारण 2 व्होल्ट.

बहुतेक प्रकल्प इथंच अडतात आणि दोष पात्यांना दिला जातो. थोडा हिशोब करू. 40 सेंटिमीटर व्यासाच्या चक्रातून सेकंदाला 3 मीटर वेगाचा वारा जात असेल, तर त्यात सुमारे 2 वॉट शक्ती असते. जर्मन शास्त्रज्ञ अल्बर्ट बेट्झ यांनी दाखवून दिलं, की कोणतीही पवनचक्की त्यातली 59.3 टक्क्यांहून जास्त शक्ती घेऊच शकत नाही. आपली घरगुती चक्की दहावा हिस्सा घेते असं धरलं, तरी 0.2 वॉट मिळतात. एलईडीला 0.04 वॉट पुरतात. म्हणजे वारा भरपूर आहे. कमी पडतात ते व्होल्ट, आणि ते मोटरवर ठरतात.

खेळण्यातली मोटर 3 व्होल्टवर मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. उलटं वापरलं, तर तिच्याकडून 3 व्होल्ट मिळवायला तेवढेच फेरे द्यावे लागतील. आपलं चक्र फिरतं पाचशे-सहाशे. त्यामुळे जास्त व्होल्टची पण कमी वेगाची मोटर शोधा. भंगारात निघालेल्या प्रिंटरमध्ये अशा मोटरी सापडतात. 24 व्होल्टला 3000 फेरे घेणारी मोटर 500 फेऱ्यांना 4 व्होल्टच्या आसपास देते. अशा मोटरीला लाल एलईडी जोडताना मध्ये 100 ओहमचा रोध टाका.

मोटर घेतानाच परीक्षा करा. दोन वायरींना लाल एलईडी जोडायचा आणि मोटरचा दांडा अंगठा नि तर्जनीत धरून झटक्यानं फिरवायचा. दिवा चमकला, तर मोटर कामाची. नाही चमकला, तर एलईडीचे पाय उलटे करून पुन्हा बघा. दांडा बोटांना अडखळत, टक टक करत फिरला, तर मंद वाऱ्यात चक्र सुरूच होणार नाही. ही परीक्षा झाल्याशिवाय पाइपला करवत लावू नका.

मलावीत घरगुती पवनचक्की उभारणाऱ्या विल्यम कामक्वाम्बावरचा सिनेमा पाहून मुलं विचारतात, "त्याचा दिवा कसा लागला?" फी भरता न आल्यानं शाळा सुटलेल्या त्या मुलानं सायकलचा डायनॅमो वापरला होता. सायकलचं मोठं चाक एकदा फिरलं, की डायनॅमोची छोटी चकती कितीतरी वेळा फिरते. मोठ्या चाकावरून रबरबँडनं मोटर फिरवून तुम्हालाही हे करता येईल. पण वेग जितक्या पट वाढवाल, तितक्या पट जोर पात्यांना लावावा लागतो. फार हाव धरली, तर चक्र जागचं हलत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सुरक्षितता. त्याच मुलींच्या चक्राचं एक पातं नुसत्या ग्लू गननं सीडीवर चिकटवलं होतं. फॅन मोठा केल्यावर ते निसटलं आणि समोरच्या भिंतीवर फाडकन आदळलं. समोर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. 25 ग्रॅमचं पातं मिनिटाला 600 फेरे घेताना, त्याला सुमारे एक किलो वजन टांगल्याइतकी ओढ बसते. तेव्हा बैठकीला सीडीऐवजी प्लायवूड घ्या आणि प्रत्येक पात्याला दोन नट-बोल्ट, वॉशरसकट. चक्र आडव्या तारेवर अडकवून बघा. एकच पातं सारखं खाली येत असेल तर ते जड आहे, थोडं घासा. चक्र फिरताना त्याच्या रेषेत कुणाला उभं राहू देऊ नका. पाइप वाकवण्यासाठी ज्योतीवर धरू नका, पीव्हीसीचा धूर विषारी असतो.

आपल्याकडं वारा पावसाळ्यात दणकून येतो आणि प्रदर्शनं बहुधा थंडीत, बंद हॉलमध्ये भरतात. म्हणून टेबलफॅन आणि एक्स्टेन्शन बोर्ड सोबत न्या. पण पावसाळ्यातच मैदानावर चाचणी घेऊन आकडे वहीत लिहून ठेवा. वारा दुप्पट झाला, की त्यातली शक्ती आठपट होते. ही आठपट आपल्या दिव्यापर्यंत किती पोचते, हे मुलांना स्वतःच्या वहीत बघू द्या.

दिवा लागत नाही म्हटल्यावर त्या मुलींना घरच्या कुणी सुचवलं होतं, "खाली सेल लपवा, कोण बघतंय?" त्यांनी ते मानलं नाही, मोटर बदलली. पालकांना आणि सहशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, हा सल्ला कधीही देऊ नका. विज्ञानाच्या नावाखाली मुलं फसवायला शिकली, तर बक्षीस घेऊन काय करायचं? आणि परीक्षकांनो, दिवा किती लखलखतोय हे नंतर बघा, आधी वही मागा. 0.15 व्होल्ट का आले हे मुलीला सांगता आलं, तर न लागलेल्या दिव्यालाही पूर्ण गुण द्या.