भीती बघून शिकली जाते



घरात पाल दिसली की आपण किंचाळतो. कडेवरचं पोर आधी पालीकडं बघत नाही, आपल्या तोंडाकडं बघतं. दोन-चार वेळा असं झालं की तेही पालीला भ्यायला लागतं. पालीनं त्याला काहीच केलेलं नसतं.

आपल्या मेंदूत बदामाएवढा एक भाग आहे, त्याला अमिग्डला म्हणतात. धोका आला की तो अंगाला सावध करतो. स्वतःला चटका बसला तर तो जागा होतोच, पण दुसरा घाबरलेला नुसता दिसला तरी जागा होतो. उसात साप निघाला तर प्रत्येकीला चावा घेऊन शिकायची गरज पडत नाही, ती यामुळंच.

1980 च्या दशकात अमेरिकेत सुसान मिनेका या संशोधक बाईंनी माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला भीत नव्हती. रानातल्या माकडांना सापाला घाबरताना त्यांनी काही मिनिटं पाहिलं, आणि तीही भ्यायला लागली. पुढं नुसता व्हिडिओ दाखवला तरी तसंच झालं. पण ज्या माकडांनी आधी न घाबरणारं माकड पाहिलं होतं, त्यांच्यात ही भीती सहसा शिरली नाही.

आता आपल्या हातातल्या मोबाईलकडं बघा. 2018 साली पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज आणि व्हिडिओ गावोगाव फिरत होते. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार होता. तिथं आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना टोळीतले समजून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. बहुतेक जण आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. पोर कुणी पळवलंच नव्हतं. एकाची भीती दुसऱ्यानं बघितली, दुसऱ्याची तिसऱ्यानं, आणि पाच घरं उघडी पडली.

असे भिक्षेकरी आपल्याही दारात येतात. म्हणून गटात एवढं ठरवूया:

1. भीतीचा मेसेज आला तर लगेच पुढं पाठवायचा नाही. कुठं घडलं, कधी घडलं, स्वतः कुणी पाहिलं, हे आधी विचारायचं.
2. अनोळखी माणसाचा संशय आला तर गर्दी जमवायची नाही. पोलीस पाटलांना सांगायचं किंवा 112 ला फोन करायचा.
3. पोरांसमोर खऱ्या धोक्याचंही शांतपणे सांगायचं. "साप आहे, मागं सर, जवळ जाऊ नको," एवढं पुरतं.

भीती वाईट नाही बायांनो, ती जीव वाचवते. पण खात्री न करता ती दुसरीच्या पदरात टाकू नये. दहाजणी घाबरलेल्या असताना एक जरी शांत उभी राहिली, तरी बाकीच्या तिच्याकडं बघतात. ती एक आपल्या गटातली असू द्या.