बजरीगर

ऑस्ट्रेलियातील रुक्ष, विस्तीर्ण माळरानावर पोपटाची एक चिमुकली जात राहते. तिचे नाव बजरीगर. अंग हिरवेगार, मस्तक पिवळे आणि पाठीवर काळ्या रेघांची नक्षी! गवताचे बी टिपीत व पाण्याचा शोध घेत या पक्ष्यांचे थवेच्या थवे दूरवर भटकत असतात.

१८४० साली जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने काही बजरीगर जिवंत इंग्लंडात नेले. पुढे पिंजऱ्यातच त्यांची वीण वाढली आणि निळे, पांढरे, पिवळे असे नाना रंगांचे पक्षी निपजले. आपल्या रानातील पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. बजरीगर मात्र आपल्याकडेही पाळले जातात.

रंग पालटले, पण स्वभाव पालटला नाही. थव्यात राहणाऱ्या या जीवाला एकटेपणा सोसवत नाही. त्याला जोडीदार हवा, पंख पसरता येतील असा प्रशस्त पिंजरा हवा आणि माणसाची मायाही हवी. कंटाळा आला म्हणून त्याला मोकळे सोडणे ही दया नव्हे. पिंजऱ्यात जन्मलेल्या त्या पाखराला ना अन्न शोधता येते, ना कावळ्यांपासून जीव वाचविता येतो. म्हणून ते घरी आणण्यापूर्वी, जन्मभर त्याचा सांभाळ करण्याची आपली सिद्धता आहे काय, हे प्रत्येकाने स्वतःच्या मनाला विचारावे.

शब्दार्थ : रुक्ष – कोरडे, वीण – पिलांची पैदास, सिद्धता – तयारी.