घटक ६ : चिनी लिपीचिन्हांचे क्रमशः अध्ययन आणि ऑनलाइन साधने

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• चिनी लिपीचिन्ह आणि देवनागरी अक्षर यांतील मूलभूत भेद स्पष्ट करता येईल.
• चिन्हाची घटना अर्थघटक आणि ध्वनिघटक यांच्या आधारे उलगडून दाखवता येईल.
• अंतराअंतराने पुनरावृत्ती करण्याच्या पद्धतीमागील तत्त्व सांगता येईल व स्वतःच्या वेळेनुसार अध्ययनाचे नियोजन करता येईल.
• ऑनलाइन साधनांचे सामर्थ्य आणि मर्यादा यांचे विवेचन करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वर्णलिपी आणि अक्षरलिपी यांचा परिचय करून घेतला. त्या लिप्यांमध्ये मर्यादित चिन्हे शिकली की कोणताही शब्द वाचता येतो. बाराखडी आणि जोडाक्षरे आत्मसात केलेल्या मुलाला अर्थ न कळणारा शब्दही मोठ्याने वाचता येतो. चिनी लिपीत ही सोय नाही. चीनमधील प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत मुलांनी सुमारे ३,००० चिन्हे ओळखावीत आणि त्यांपैकी सुमारे २,५०० लिहावीत, अशी अपेक्षा असते.

हा आकडा ऐकून प्रौढ विद्यार्थी सहज म्हणतो, ‘हे आपल्याच्याने होणार नाही.’ नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून शिकणाऱ्या तुमच्यासारख्यांना हा प्रश्न केवळ चिनीपुरता नाही. मोठा विषय लहान तुकड्यांत, रोजच्या वीस मिनिटांत खरोखर शिकता येतो का, असा तो व्यापक प्रश्न आहे. चिनी लिपी हे त्याचे उत्तम उदाहरण होय, कारण तिची चिन्हे मोजता येतात आणि त्यामुळे प्रगतीही मोजता येते.

या घटकात चिन्हांची रचना शब्दांत वर्णिली आहे. वाचता वाचता ती वहीत काढावीत आणि नंतर एखाद्या ऑनलाइन कोशात पडताळून पाहावीत.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ चिनी चिन्ह म्हणजे चित्र नव्हे

चिनी लिपी ‘चित्रलिपी’ आहे असा समज रूढ आहे. शांग राजवटीतील, इ.स.पू. १२०० च्या सुमाराचे अस्थिलेख पाहिले तर काही चिन्हांचे मूळ चित्रात आहे हे खरे. परंतु आजचे प्रत्येक चिन्ह सामान्यतः भाषेतील एका अवयवाचा उच्चार व अर्थ एकत्र दर्शविते. मराठीतील रूपिम ही संकल्पना तुम्हाला परिचित आहे. चिनी भाषेत बहुतेक रूपिम एकाक्षरी असल्यामुळे एक चिन्ह, एक अक्षर आणि एक रूपिम असे समीकरण जुळते. म्हणून या लिपीला ‘रूपिम-अक्षर लिपी’ म्हणणे अधिक शास्त्रीय ठरते.

आता एक चिन्ह काढू. प्रथम आडवी रेघ, मग तिला छेदून खाली जाणारी उभी रेघ, मग छेदबिंदूपासून डावीकडे उतरणारी आणि शेवटी उजवीकडे उतरणारी रेघ. चार रेघांचे हे चिन्ह ‘झाड, लाकूड’ या अर्थाचे असून त्याचा उच्चार चौथ्या सुरात ‘मु’ असा आहे. अशी दोन झाडे शेजारी काढली की ‘वन’, तीन काढली की ‘अरण्य’. झाडाच्या डावीकडे ‘माणूस’ हा घटक ठेवला की झाडाला टेकलेला माणूस, म्हणजेच ‘विश्रांती घेणे’.

ही उदाहरणे मनोरंजक आहेत. परंतु केवळ अर्थांच्या जुळणीतून बनलेली अशी चिन्हे थोडीच आहेत. फार मोठा वर्ग, साधारण ८० टक्क्यांहून अधिक, वेगळ्या पद्धतीने बनला आहे.

६.२.२ अर्थघटक आणि ध्वनिघटक

या वर्गातील चिन्हाचे दोन भाग असतात. एक भाग अर्थाचे क्षेत्र सुचवितो, दुसरा उच्चार सुचवितो. ‘घोडा’ या चिन्हाचा उच्चार तिसऱ्या सुरात ‘मा’ आहे. त्याच्या डावीकडे ‘स्त्री’ हा घटक जोडला की ‘मा’, पहिल्या सुरात, अर्थ ‘आई’. ‘मुख’ हा घटक जोडला की सूर नसलेला ‘मा’, मराठीतील वाक्यान्तीच्या ‘का?’ सारखा प्रश्नवाचक. वरच्या बाजूस दोन मुखे काढली की चौथ्या सुरातील ‘मा’, अर्थ ‘शिव्या देणे’. आईचा घोड्याशी अर्थाच्या दृष्टीने काहीही संबंध नाही. घोडा तेथे केवळ ध्वनीसाठी आला आहे.

दुसरे कुटुंब पाहा. ‘निळा-हिरवा’ या अर्थाच्या चिन्हाचा उच्चार ‘छिंग’. त्याला ‘पाणी’ जोडले की ‘नितळ’, ‘सूर्य’ जोडला की ‘निरभ्र’, ‘वाणी’ जोडली की ‘विनंती करणे’, ‘हृदय’ जोडले की ‘भावना’. चारही चिन्हांचा उच्चार ‘छिंग’च, फरक असेल तो सुराचा. म्हणजे एक ध्वनिघटक शिकला की चार चिन्हांची अर्धी वाट सरते.

मात्र ध्वनिघटकावर अंधविश्वास ठेवू नये. ‘नदी’ या अर्थाच्या एका चिन्हात ‘पाणी’ आणि ‘कुंग’ हा ध्वनिघटक आहे. परंतु त्या चिन्हाचा आजचा उच्चार ‘च्यांग’ आहे. लिपी स्थिर राहिली, भाषेचे ध्वनी बदलत गेले. श्यू शन या पंडिताने इ.स. १०० च्या सुमारास रचलेल्या कोशात ९,३५३ चिन्हे ५४० मूलघटकांखाली लावली होती. ध्वनियुक्त रचनेचे उदाहरण म्हणून त्याने हेच नदीचे चिन्ह दिले होते. पुढे १७१६ च्या कांगशी कोशात मूलघटकांची संख्या २१४ झाली.

६.२.३ किती चिन्हे पुरेशी?

मोठ्या कोशांत चाळीस हजारांहून अधिक चिन्हे आढळतात. पण व्यवहार थोड्यांवर चालतो. चीनमध्ये १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या नित्योपयोगी चिन्हांच्या यादीत ३,५०० चिन्हे आहेत. त्यांपैकी पहिली २,५०० सामान्य आधुनिक मजकुराचा सुमारे ९८ टक्के भाग व्यापतात. सर्वाधिक वापराची १,००० चिन्हे सुमारे ९० टक्के भाग व्यापतात.

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, शिकण्याचा क्रम वारंवारतेनुसार ठेवला तर सुरुवातीच्या श्रमांचे फळ सर्वांत मोठे असते. दुसरा, ९० टक्के चिन्हे ओळखणे म्हणजे ९० टक्के मजकूर समजणे नव्हे. दर दहा चिन्हांमागे एक अनोळखी असेल आणि बहुधा तेच विषयाचे मर्म असेल. शिवाय चिन्ह म्हणजे शब्द नव्हे. ‘घोडा’ आणि ‘वर’ ही दोन चिन्हे मिळून जो शब्द होतो त्याचा अर्थ ‘लगेच’. ‘घोड्यावर बसून येणे’ म्हणजे घाई करणे, हे मराठी भाषकाला चटकन उमगेल. परंतु ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ मिळून ‘वस्तू’ हा अर्थ होतो, तेथे तर्क उपयोगी पडत नाही. शब्दच शिकावा लागतो.

६.२.४ थोडे थोडे शिकण्याचे शास्त्र

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेले आरंभी वेगाने आणि नंतर मंद गतीने विसरले जाते, असे त्यांना आढळले. एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा तीच पुनरावृत्ती अनेक दिवसांत विभागल्यास स्मरण अधिक टिकते, हेही त्यांनी दाखविले. १९७२ साली सेबास्टियान लाइटनर यांनी यावर आधारित पत्त्यांची पेटी सुचविली. आठवलेला पत्ता पुढच्या कप्प्यात जातो व उशिरा येतो. विसरलेला पहिल्या कप्प्यात परततो व लवकर येतो. २००६ पासून उपलब्ध असलेले ‘अँकी’ आणि त्यासारखी इतर साधने हेच काम संगणकीय हिशोबाने करतात.

या पद्धतीतील एक गणित आरंभीच समजून घ्यावे. समजा, प्रत्येक चिन्ह १, ३, ७, १६ आणि ३५ दिवसांच्या वाढत्या अंतरांनी पाच वेळा समोर येते आणि तुम्ही रोज ५ नवी चिन्हे घेता. सुमारे दोन महिन्यांनंतर दररोज ५ नवी आणि २५ जुनी अशी ३० चिन्हे समोर येतील. विसरलेली चिन्हे पुन्हा येतात ती वेगळी. हे वीस मिनिटांत बसू शकते. परंतु उत्साहाच्या भरात रोज २० नवी चिन्हे घेतली, तर जुन्यांचा भार १०० वर जातो. बहुतेक विद्यार्थी विषय अवघड म्हणून नव्हे, तर या साचलेल्या थकबाकीमुळे अभ्यास सोडतात. रोज ५ या गतीनेही एक आठवडा खंड पडला तर सुमारे १७५ पत्ते साचतात. अशा वेळी नवी चिन्हे थांबवावीत आणि आधी जुनी फेडावीत. २०० दिवसांत १,००० चिन्हे हे ध्येय अशा शिस्तीने गाठता येते.

६.२.५ साधने : सामर्थ्य आणि मर्यादा

ऑनलाइन साधनांचे तीन प्रकार उपयुक्त आहेत. (अ) कोश : उदा. ‘प्लेको’ हे उपयोजन, किंवा १९९७ साली सुरू झालेल्या मुक्त कोशप्रकल्पावर आधारलेले विविध कोश. यांत पडद्यावर बोटाने चिन्ह काढूनही शोध घेता येतो. (आ) पुनरावृत्तीची साधने. (इ) रेघांचा क्रम हलत्या आकृतीतून दाखविणारी साधने. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी व उभी नंतर हे सर्वसाधारण नियम येथे डोळ्यांना दिसतात.

आरंभीच एक निवड करावी लागते. चीन व सिंगापूरमध्ये सुलभीकृत, तर तैवान व हाँगकाँगमध्ये पारंपरिक चिन्हे वापरली जातात. ‘घोडा’ पारंपरिक रूपात दहा रेघांचा, सुलभीकृत रूपात तीन रेघांचा आहे. साधनात एकच संच निवडावा, सरमिसळ टाळावी.

आता मर्यादा पाहू. पडद्यावर चिन्ह ओळखणे ही एक क्षमता आणि कोऱ्या कागदावर ते लिहिणे ही दुसरी. रोमन अक्षरांत उच्चार टंकून यादीतून चिन्ह निवडण्याची सवय लागल्यामुळे खुद्द चिनी भाषकांनाही हाताने लिहिताना चिन्ह आठवत नाही. ‘लेखणी उचलताच चिन्ह विसरणे’ अशा अर्थाचा शब्दप्रयोगच त्यांच्या भाषेत रूढ झाला आहे. म्हणून साधनाने ‘बरोबर’ अशी खूण दाखविली, एवढ्यावरून आपल्याला चिन्ह आले असे समजू नये. पत्ता उलटण्यापूर्वी चिन्ह वहीत लिहावे आणि मगच पडताळावे. साधन आपल्याला प्रश्न कधी विचारायचा एवढेच ठरविते. उत्तराशी प्रामाणिक राहणे विद्यार्थ्याच्याच हाती असते.

६.२.६ मराठी भाषकाची अनुकूलता

१९५८ साली मान्यता मिळालेली ‘पिनयिन’ ही रोमन लेखनपद्धती सर्व साधने वापरतात. तिच्यातील ‘डी’ हे अक्षर घोष ‘द’ नव्हे, तर ‘त’सारखा अल्पप्राण ध्वनी दाखविते, ‘टी’ हे ‘थ’सारखा महाप्राण. ‘जी’ म्हणजे ‘क’, ‘के’ म्हणजे ‘ख’. इंग्रजी भाषकाला हा भेद कष्टाने शिकावा लागतो. तुम्ही तो वर्णमालेतच शिकला आहात. त्याचप्रमाणे ‘चारा’मधील च हा पिनयिनच्या ‘झेड’ला, तर ‘चार’मधील च हा ‘जे’ला जवळचा आहे. म्हणून प्रत्येक पत्त्यावर उच्चार देवनागरीतही लिहावा व सुराचा अंक जोडावा. सूर मात्र ध्वनिमुद्रण ऐकूनच शिकावेत.

याचे एक जवळचे उदाहरण घेऊ. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२ साली चीनमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांचे चिनी नाव आपल्याकडे ‘के दिहुआ’ असे लिहिले जाते. पिनयिनचे वरील नियम लावल्यास उच्चार ‘ख-ती-ह्वा’च्या जवळ जातो. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी ‘ह्वा’, म्हणजे ‘चीन’, हे चिन्ह होते. कोटणीसांच्या नावातील पहिल्या दोन्ही चिन्हांच्या डावीकडे तुम्ही या घटकाच्या आरंभी काढलेले चार रेघांचे झाड आहे. एक चिन्ह शिकल्याने किती दारे उघडतात, हे यावरून ध्यानात येईल.

६.३ सारांश

चिनी चिन्ह हे चित्र नसून उच्चार व अर्थ यांचे एकत्रित लेखन आहे. बहुसंख्य चिन्हे अर्थघटक आणि ध्वनिघटक यांतून बनलेली असल्याने ती सुटी न घोकता कुटुंबाने शिकावीत. वारंवारतेचा क्रम, मोजकी नवी चिन्हे आणि वाढत्या अंतरांची पुनरावृत्ती यांमुळे अपुऱ्या वेळेतही अध्ययन शक्य होते. साधने नियोजनाला मदत करतात. लिहिणे, ऐकणे आणि शब्दांत वापरणे यांची जागा ती घेऊ शकत नाहीत.

६.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘चिनी लिपी ही चित्रलिपी आहे’ या विधानाचे सोदाहरण परीक्षण करा.
२. ‘मा’ किंवा ‘छिंग’ कुटुंबाच्या आधारे ध्वनिघटकाचे कार्य स्पष्ट करा.
३. रोज ८ नवी चिन्हे घेतल्यास, ६.२.४ मधील अंतरांनुसार दोन महिन्यांनंतर दररोज किती जुनी चिन्हे येतील?
४. ‘चिन्ह ओळखणे’ आणि ‘चिन्ह येणे’ यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.

६.५ उपक्रम

पुढील चौदा दिवस रोज ३ चिन्हे निवडा. पंधराव्या दिवशी कोणतेही साधन न उघडता ती सर्व वहीत लिहा. किती आठवली, किती केवळ ओळखीची वाटली आणि कोणत्या घटकामुळे आठवली, याची तीन रकान्यांत नोंद करून ती संपर्कसत्रात आणा.