पाणी मारलेली बिअर: यूएईत तक्रार कुठे आणि कशी कराल?

‘बिअरला चवच नाही, पाणी मारलंय’ एवढ्यावर तक्रार टिकत नाही. बडवायझरमध्ये पाणी घालतात, असे दावे अमेरिकेत 2013 मध्ये झाले. पुढच्याच वर्षी न्यायालयाने ते फेटाळले. तिथल्या नियमांत लेबलावरच्या अल्कोहोलच्या आकड्यात 0.3 टक्क्यांचा फरक चालतो. म्हणून चवीवर वाद घालू नका. माप, लेबल आणि बिल धरा.

मेनूत नुसतं ‘पाइंट’ लिहिलं असेल तर ऑर्डर देण्याआधी किती मिली ते विचारा. ब्रिटिश पाइंट 568 मिलीचा, अमेरिकन 473 चा. म्हणजे एका ग्लासमागे 95 मिलीचा फरक, वर फेस वेगळाच. शंका आली की ड्राफ्ट घेऊ नका. सीलबंद बाटली मागवा आणि ती तुमच्यासमोर उघडायला सांगा.

आता बिल. दुबईच्या हॉटेलांत 10 टक्के सेवा शुल्क, 7 टक्के पालिका शुल्क आणि 5 टक्के व्हॅट लागतो. हे सगळं वरून लावलं तर 50 दिरहमची बिअर 61 च्या घरात जाते. दाखवलेल्या दरात व्हॅट धरलेला असायलाच हवा. तो पुन्हा लावला असेल तर तिथेच हरकत घ्या. दुकानातून घेताना 1 जानेवारी 2025 पासून परत आलेला 30 टक्के पालिका कर किमतीत धरलाय का, ते पैसे देण्याआधी विचारा. दुबईत मद्याचं लायसन्स मोफत मिळतं, वय मात्र 21 पूर्ण हवं. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

तक्रारीसाठी हे जपून ठेवा: 15 अंकी कर नोंदणी क्रमांक असलेलं बिल, मेनूचा फोटो, लेबलाचा आणि बॅच नंबरचा फोटो, एमिरेट्स आयडी किंवा पासपोर्ट. बाटली टाकून देऊ नका, उरलेल्या बिअरसकट ठेवा. आधी मॅनेजरशी बोला, उत्तर लेखी घ्या. तो दाद देत नसेल तर दुबईत ग्राहक संरक्षण विभागाला 600545555 वर फोन करा. इतर अमिरातींत अर्थव्यवस्था आणि पर्यटन मंत्रालयाचा 8001222. तक्रारीला फी नाही, एजंटही लागत नाही.

खोलीवर ‘पोचवून देतो’ म्हणणाऱ्याकडून स्वस्तातली बाटली कधीच घेऊ नका. बिल नाही, म्हणजे तक्रार नाही, आणि विनापरवाना विक्रीच्या भानगडीत तुम्हीही अडकाल. शारजात तर मद्यविक्रीलाच बंदी आहे. अशा बाटलीत मिथेनॉल असू शकतं. पिऊन नजर धूसर झाली, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच 998 वर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा आणि काय प्यायलात ते डॉक्टरांपासून लपवू नका.