आजीची वाकळ जपावी कशी?

पावसाळा सरला की पेटीतल्या वाकळा उन्हात येतात. कुणी तिला गोधडी म्हणते, कुणी कौदी. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने शिवलेली ही वस्तू विरली की बोहारणीला देण्याचा मोह होतो. तसे करू नये. कापड विरले तरी आजीचा टाका शाबूत असतो, आणि तो पुन्हा मिळत नाही.

आमच्या घरी एकदा चूक झाली. फाटक्या जागी टेरिकॉटचे कोरे ठिगळ नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट शिवले. चार धुण्यांत ठिगळ तसेच राहिले, सभोवारचे जुने कापड मात्र फाटले. जुन्याला जुनेच हवे, हे आम्ही तेव्हा शिकलो.

ठिगळासाठी वापरून मऊ झालेले सुती कापड घ्यावे. भोकाच्या कडा कापू नयेत. ठिगळ भोकाबाहेर चारी बाजूंनी २ बोटे जाईल एवढे असावे. कड आत दुमडून आधी टाचावे; मग सुती दोऱ्याने, जुन्या टाक्यांच्या ओळीतच, सर्व थरांतून धावदोरा घालावा. दोरा ताणू नये. एक बाजू सगळीच विरली असेल तर ती न उसवता वरून जुने पातळ टाचून शिवावे. हल्याळ-यल्लापूरकडील सिद्दी भगिनी कडेपासून सुरुवात करून फेर घेत मध्यापर्यंत शिवत येतात. तीच रीत येथे सोयीची.

धुण्यापूर्वी ओले पांढरे फडके दाबून रंग जातो का ते पाहावे. रिठ्याच्या थंड पाण्यात हाताने दाबून धुवावी. आपटू वा पिळू नये. भिजलेली वाकळ फार जड होते. टोकाला धरून उचलल्यास टाके तुटतात, म्हणून खाली चादर घालून दोघींनी उचलावी. बाजेवर पसरून सावलीत पूर्ण वाळवावी.

ठेवताना सुती चादरीत गुंडाळावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडून बुरशी येते. खळ घालू नये. खळीला कसर लागते. दर खेपेस घडी निराळ्या जागी मोडावी.

तान्ह्या बाळाच्या वाकळेत डांबराच्या गोळ्या कधीच ठेवू नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी या घटकाची उणीव असते. या गोळ्यांच्या वाफेने अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. कडुनिंबाचा वाळला पाला पुरे.

शेवटी एक काम राहते. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारून वहीत लिहून ठेवावे. वाकळ सांधता येते. विसरलेले नाव सांधता येत नाही.